लग्न जुन्या पद्धतीचे, हिशेब आजचा

(ऊस विकास अधिकारी, ताडकळस विभाग)



शेतकी खात्याच्या माणसाने बेणे, लागण, खत, पाणी यांवर लिहावे, लग्नकार्यावर कशाला लिहावे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु लग्नाचा आणि उसाचा संबंध आम्हांला दर हंगामात दिसतो. गाळप सुरू झाले की गट कार्यालयात सभासद येतात आणि म्हणतात, "साहेब, घरी कार्य आहे, आमची तोड आधी धरा." अशा वेळी ऊस पक्व झाला की नाही, हे कोणी विचारत नाही. कोवळा ऊस तोडला तर वजनही कमी भरते आणि उताराही कमी पडतो. शिवाय क्रमवारी मोडली की ज्याची पाळी होती त्याचा ऊस फडात वाळत उभा राहतो. म्हणजे एका घरच्या लग्नाचा भार तीन ठिकाणी पडतो: त्या घरावर, शेजाऱ्याच्या फडावर आणि कारखान्याच्या उताऱ्यावर. सबब हा विषय आमच्याही खात्याचा आहे, असे मी समजतो.

अलीकडे एक चांगली गोष्ट कानावर येते. लग्नाच्या वयाची पोरेपोरी स्वतःहून म्हणू लागली आहेत की, "आम्हांला जुन्या पद्धतीचं लग्न पाहिजे." आजोबांच्या वेळचा मांडव, बैलगाडी, नऊवारी, पंगत. हौस चांगली आहे. परंतु ही हौस बाजारानेही ओळखली आहे. शहरांतून आता 'जुना काळ' भाड्याने मिळतो. कंदील, पितळी घंगाळ, सजवलेली गाडी, गोणपाटाचे पडदे, सगळे ट्रकातून येते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी परत जाते आणि मागे बिल राहते. साधेपणाचा देखावा हा थाटाच्या देखाव्याहून स्वस्त असतोच असे नाही. ज्याच्या माळवदात खरे घंगाळ धूळ खात पडले आहे, त्याने भाड्याचे घंगाळ आणावे, याला काय म्हणावे?

म्हणून प्रश्न असा आहे की, जुन्या लग्नातले नेमके काय घ्यायचे आणि काय सोडायचे? तो जर नीट सुटला, तर लग्न पोरांच्या मनासारखेही होईल आणि घरही बुडणार नाही.

खर्च टनांत मोजा

रुपयांचा आकडा माणसाला फसवतो. लाख म्हणता म्हणता पाच लाख होतात. म्हणून मी सभासदांना सांगतो, लग्नाचा खर्च टनांत मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हिशेबापुरते हातात टनाला अडीच हजार आले असे धरू. पाच लाखांचे लग्न म्हणजे २०० टन ऊस. एकरी ४० टन धरले तर पाच एकरांचे एका सालाचे सगळे पीक. यातून अजून नांगरट, बेणे, खत, पाणी, खुरपणी वजा केलेली नाही. निम्मा पैसा त्यात गेला असे समजा. मग तेच लग्न ४०० टनांचे झाले. दोन एकर ऊस असलेल्या सभासदाची पाच वर्षांची शिल्लक एका दुपारी उठली!

हा आकडा कारभाऱ्याने एकट्याने मनात ठेवू नये. घरातल्या बायामाणसांसमोर आणि ज्यांचे लग्न आहे त्यांच्यासमोर मांडावा. पोरांना समज नसते, हे खरे नाही. आपण त्यांना हिशेब दाखवत नाही, हे खरे आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेतकरी लग्नापायी बुडतो, हे वाक्य शहरातल्या लोकांच्या तोंडी फार सोपे असते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगानेच नमूद केले की, लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. आजही तसेच आहे. पाऊस, भाव, वीज यांनी शेतकरी मोडतो. परंतु यांतली एकही गोष्ट आपल्या हातात नाही. लग्नाचा खर्च मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. जे हातात आहे तेही सोडून दिले, तर मग तक्रार कोणाकडे करायची?

आणि ही गोष्ट केवळ पैशांची नाही. २०१६ व २०१७ साली आपल्याच मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या लेकींनी बापावर लग्नाचा भार नको म्हणून जीव दिला. या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. ज्या घरात लेक स्वतःला ओझे समजू लागते, त्या घराने मांडव कितीही उंच घातला तरी काय उपयोग?

जुने लग्न स्वस्त का होते?

जुने लग्न साधे होते म्हणून स्वस्त होते, असा आपला समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कामे तेव्हाही पुष्कळ होती. घाणा भरणे, हळद दळणे, मांडवडहाळे आणणे, देवक, रुखवत, पंगती, वरात, मांडव परतणे, आठ-आठ दिवस घर गजबजलेले असे. पण ती कामे विकत घेतलेली नसत. डहाळ्यांना भावकीतली गाडी जाई. डाळ-तांदूळ निवडायला गल्लीतल्या बाया जमत. कोणाच्या घरची परात, कोणाची सतरंजी, कोणाचे दूध येई. आणि आहेराची वही असे. त्या वहीत कोणी किती दिले हे लिहिलेले असे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की ते जसेच्या तसे फिटत असे.

सभासद बंधूंनो, ही वही म्हणजे दुसरे काय? भागधारकांची नोंदवहीच. सर्वांनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्याची पाळी असेल त्याचे कार्य उभे करायचे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू केले, ते याच तत्त्वावर. सहकाराचा कायदा कागदावर येण्याआधी तो आपल्या मांडवात होता. आज मात्र आपण कारखाना सहकारी चालवतो आणि लग्न खासगी ठेक्याने देतो. मंगल कार्यालयवाला, केटरर, डेकोरेशनवाला, डीजेवाला, ड्रोनवाला, अशी पाच बिले एका घराच्या डोक्यावर बसतात आणि भावकी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवते.

जुने लग्न करायचे म्हणजे हे परत आणायचे. कंदील मागाहून आणा, आधी सावड आणा.

जुन्यातले काय सोडायचे

तथापि जुने ते सगळे सोने नव्हते. हुंडा जुनाच आहे. १९६१ सालापासून तो कायद्याने गुन्हा आहे, तरी 'मुलीला तुम्ही काय घालायचं ते घाला' अशा गोड शब्दांत तो अजून मागितला जातो. मागून घेतलेले आंदण हाही हुंडाच. मानपानाचे रुसवेही जुने आहेत. लहान वयातली लग्ने जुनी आहेत. आता मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत, यात तडजोड नाही. पंगतीत माणूस पाहून जागा देण्याची रीत जुनी आहे, आणि चुलीपुढे बायांनी दिवसभर राबून शेवटी उरलेसुरले खायचे हीही जुनीच. हे सगळे सोडून द्यावे.

नवे असूनही सोडावे असे पुष्कळ आहे. हळदीचा कार्यक्रम आता लग्नाएवढाच मोठा झाला आहे. त्याचे वेगळे जेवण, वेगळे कपडे, वेगळा डीजे. आणि ती सत्काराची पद्धत! मुहूर्त टळून जातो, नवरानवरी घामाघूम उभी असतात, पण पुढाऱ्यांची नावे संपत नाहीत. आमच्या संचालक मंडळींनी रागावू नये. लग्नाला आलेला प्रत्येक जण पाहुणाच, तेथे कोणी पदाधिकारी नसतो. २०२५ साली पुणे-नगर भागात समाजाच्या बैठका होऊन मोजकी माणसे, डीजे नको, प्री-वेडिंग नको, अशी आचारसंहिता ठरली. आपल्या गावांनीही असे ठरवायला हरकत नाही.

आपल्या भागापुरता एक आराखडा

आता नुसता उपदेश न करता ताडकळस परिसरातल्या मध्यम सभासदाने ३०० माणसांचे कार्य कसे करावे, ते सांगतो. यात प्रत्येकाने आपापल्या घराप्रमाणे फेरफार करावा.

१) आकडा: मागल्या सालच्या निव्वळ शिलकीएवढाच खर्च. सोयरीक ठरायच्या आधी हा आकडा ठरवावा, नंतर नव्हे. पीककर्जाला हात लावू नये. ते मुदतीत भरले तरच व्याजाची सवलत मिळते. लग्नात गेलेले पीककर्ज थकते आणि पुढल्या खरिपात सावकाराचे दार दिसते.

२) तिथी: मे महिन्यातले लग्न म्हणजे पाण्याचा टँकर, मंडपात पंखे आणि लगेच तोंडावर जूनची पेरणी. तुळशीच्या लग्नानंतर विहिरींना पाणी असते, ऊन सोसवते, भाजीही स्वस्त असते. उसाच्या बिलावरच कार्य असेल तर बिल खात्यात पडल्यावरची तिथी धरावी, बिलाच्या भरवशावर आधीची धरू नये. तोडीची क्रमवारी लग्नासाठी बदलून मागू नये. त्यापेक्षा लागणीच्या वेळीच आमच्या माणसाशी बोलावे. मुलीचे किंवा मुलाचे लग्न पुढल्या सालच्या सुरुवातीला काढायचे असेल, तर त्या हिशेबाने लागणीचा महिना आणि लवकर येणारी जात ठरवता येते. हे काम आमचे आहे आणि ते आम्ही आनंदाने करू.

३) जागा व मांडव: दारापुढे अंगण असेल तर कार्यालय कशाला? नसेल तर देवळाचा सभामंडप आहे. आंब्या-जांभळाचे डहाळे, केळीचे खुंट आणि मांडवाच्या दाराला दोन्ही बाजूंनी वाढ्यांसकट उभा ऊस. तुळशीच्या लग्नाला आपण उसाचा मांडव करतो, मग लेकीच्या लग्नाला का नको? याहून देखणी सजावट पैशाने मिळत नाही. बैलगाडी हवी तर गावात ज्याची बैलजोडी असेल त्याला मानाने सांगावे. बैल राहिले आहेत कोणाकडे, हा प्रश्न खरा आहे. जोडी नसेल तर घरचा ट्रॅक्टर धुवून डहाळे बांधावेत. तोही आता आपल्या घरचा बैलच आहे.

४) कपडे: बस्ता बांधताना सगळ्यांत जास्त पैसा जातो आणि सगळ्यांत जास्त रुसवेही तेथेच होतात. दोन्हीकडच्या मानाच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या बंद कराव्यात, कारण त्या कोणी नेसत नाही की घालत नाही, पुढच्या लग्नात फिरतात. नवरीने आईचा किंवा आजीचा पेटीतला शालू नेसावा. जुन्या पद्धतीचे लग्न म्हणायचे तर यापेक्षा अस्सल काय असेल? नवऱ्याला धोतर, पांढरा सदरा आणि फेटा पुरे.

५) जेवण: वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी आणि मठ्ठा. ३०० पानांना अंदाजे तांदूळ ३० किलो, तूरडाळ १५ किलो, पुऱ्यांना गहू ३० किलो, वांगी ३५ किलो, बुंदीला बेसन १० किलो व साखर १८ किलो, आणि तेलाचे दोन डबे. यातली तूर, गहू, वांगी बहुतेक आपल्याच किंवा भावकीच्या शेतातली. साखर सभासदाला कारखान्याची सवलतीची मिळतेच. आचारी एक लावावा, बाकी हात सावडीचे. वाढायचे काम तरुण पोरांनी करावे, म्हणजे बायांनाही पहिल्या पंगतीला बसता येईल. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर उत्तम. पंगतीत माणूस मागेल तेवढेच वाढले जाते. उभ्याच्या जेवणात ताट भरून घेतो आणि निम्मे टाकतो.

६) वाजंत्री व गाणी: सनई आणि हलगी, बस्स. आपला जिल्हा गंगाखेडच्या संत जनाबाईंचा. जात्यावर ओव्या गाणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक गावात दोन-चार अजून आहेत. घाणा भरताना त्यांना मानाने बोलवा, गाऊ द्या, आणि पोरींनी ते मोबाईलवर भरून ठेवावे. डीजे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. आजीचा आवाज मात्र तिच्या मागेही घरात राहील.

७) पत्रिका: पूर्वी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले एक पोस्टकार्ड जाई आणि माणसे येत. आता मुलाचे-मुलीचे नाव, तिथी, वेळ आणि ठिकाण, एवढेच छापावे. प्रेषक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक यांची पन्नास नावे घालून कोणाचे राहिले म्हणून भांडण विकत घेऊ नये. जवळच्यांना घरी जाऊन आवतन द्यावे, बाकीच्यांना फोन आहेच.

८) विधी: ज्याच्या घरी जी रीत असेल ती त्याने करावी. मात्र नवरानवरीने एकमेकांना काय वचन दिले, हे त्यांना स्वतःला कळले पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सीताराम आल्हाट व राधा निंबणकर यांचे लग्न मोजक्या खर्चात लावले. पुढे १८८७ साली जोतीरावांनी मराठी मंगलाष्टकेही प्रसिद्ध केली. त्यांत वधू आणि वर दोघे आपापल्या तोंडाने बोलतात. म्हणजे 'आपल्या मनासारखे लग्न' ही कल्पना काही शहरातून आलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वीपासून ती मराठीत आहे. दोघांनी आपल्या शब्दांत चार वाक्ये लिहून मांडवात बोलावीत. त्याला पैसा लागत नाही, धीर लागतो.

९) नोंदणी: ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करून दाखला घ्यावा. राज्य शासनाच्या शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेचे अनुदान २०२४ साली जोडप्यामागे १० हजारांवरून २५ हजार करण्यात आले. पात्रतेच्या अटी महिला व बालविकास कार्यालयात विचाराव्यात. चार-सहा घरांनी एकाच मांडवात कार्य उरकले तर खर्च आणखी वाटला जाईल.

लोक काय म्हणतील?

हा आराखडा वाचून काही जण म्हणतील, "साहेब, तुम्हांला सांगायला काय जातं? सोयऱ्यांत तोंड दाखवायचं आहे आम्हांला." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गावात राहणाऱ्याला अब्रू सांभाळावीच लागते. परंतु एक आठवून पाहा. २०२० साली कोरोनात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात २५ माणसे व दोन तास, एवढीच मुभा राहिली. त्या दोन वर्षांत आपल्या गावांतून लग्ने झाली. ती लग्ने मोडली काय? त्या घरांची अब्रू गेली काय? उलट पुष्कळ बापांनी सुटकेचा श्वास टाकला, हे आपण पाहिले आहे. साऱ्यांनाच ती मर्यादा होती म्हणून कोणी कोणाला नाव ठेवले नाही. म्हणजे अडचण साधेपणाची नाही, एकट्याने साधे होण्याची आहे.

दुसरा आक्षेप मुलाकडच्यांचा. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, म्हणून आता मुलाचा बाप दोन्हीकडचा खर्च उचलून थाट दाखवतो. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, कर्जाच्या थाटाला भुललेली सोयरीक पहिल्या हप्त्याच्या नोटिशीपुढे किती टिकेल? मुलीच्या बापाने मांडव पाहू नये, सात-बारा, विहिरीचे पाणी आणि मुलाचे कष्ट पाहावेत. थाटात उडणाऱ्या पैशातून एक-दोन एकरांना ठिबक बसत असेल, तर नव्या सुनेच्या संसाराला तोच खरा आहेर होय.

एकट्याने सुधारायला जड जाते, म्हणून ही गोष्ट गावाने करावी. गटवार शेतकरी मेळावे होतात, त्यांत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. गावातल्या सभासदांनी वर्गणी काढून पातेली, पराती, सतरंज्या आणि दिव्यांच्या माळा यांचा एक संच घ्यावा. तो देवळात ठेवावा आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याला विनामूल्य द्यावा. ज्याची ऐपत मोठी आहे त्याने आधी साधे लग्न करून दाखवावे. गरिबाने साधे केले तर लोक त्याला नाइलाज म्हणतात. बागायतदाराने केले तर त्याची रीत पडते. पहिला मान त्यांचा आहे.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी आधी एक कोरी वही काढावी आणि पहिल्या पानावर खर्चाचा आकडा टनांत लिहावा. दुसऱ्या पानावर कोण काय काम उचलणार, त्यांची नावे लिहावीत. दुसरे पान जितके भरेल तितके पहिल्या पानावरचे टन कमी होतील.

जय किसान, जय सहकार.